परसातील चूल : माप कोणाचे घ्यावे?

कोल्हापुरातील जुन्या घरांना पुढल्या दाराइतकेच मोलाचे असे एक मागील दार असे. ते उघडले की परस लागे. पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब, कपडे धुण्याचा दगड, सांडपाण्यावर पोसलेले अळू, कोपऱ्यात केळ आणि पडवीच्या पत्र्याखाली मातीची चूल. घरात गॅस आला तरी ही बाहेरची चूल पुष्कळ ठिकाणी टिकून राहिली. कारण रविवारचे मटण, दिवाळीचा फराळ आणि वर्षाच्या चटणीचा मसाला भाजणे ही कामे आतल्या चार भिंतींत मावणारी नव्हती. मिरची भाजतानाचा ठसका ज्यांनी एकदा अनुभवला आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

आता हीच चूल नव्या रूपाने परत येत आहे. निवृत्तीनंतर बांधलेल्या बंगल्याच्या मागे, गावाकडच्या घराच्या अंगणात, कधी गच्चीवर. मुले पुण्याहून किंवा परदेशातून छायाचित्रे पाठवतात आणि आईवडिलांसाठी हौसेने बाहेरचे स्वयंपाकघर बांधून देतात. हौस चांगली आहे. पण वाचकहो, छायाचित्रातील स्वयंपाकघर ज्यांच्यासाठी आखलेले असते ती माणसे तिशी-चाळिशीची असतात. तुमचे किंवा तुमच्या घरातील ज्येष्ठांचे गुडघे, डोळे, फुप्फुसे आणि तोल त्या चित्रात कोठेच नसतात.

कसबा बावड्यात आमच्या आत्या राहतात. त्यांच्या पंचाहत्तरीला मुलाने परसात सुरेख स्वयंपाकघर बांधून दिले. काळ्या ग्रॅनाइटचा कट्टा, तशाच चकचकीत ग्रॅनाइटची जमीन, स्टीलची कपाटे. जूनच्या पहिल्या पावसात, भांडे घेऊन मागील दारातून उतरताना त्यांचा पाय सरकला आणि उजवे मनगट मोडले. मी भेटावयास गेलो तेव्हा हात गळ्यात अडकवून त्या बाजेवर बसल्या होत्या. दुखण्यापेक्षा त्यांचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता. “मला इचारलंय कुणी? भित्ती उठल्या, फरशी बसली, मी आपला बघत बसलो.” (आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःविषयी असेच पुरुषी क्रियापद वापरून बोलतात.) पुढे त्या परसाची मोडतोड करून ते पुन्हा आखावे लागले. त्या वेळी जे पाहिले, विचारले आणि शिकलो, तेच या लेखात मांडतो आहे.

उघड्यावरचा धूरही धूरच

प्रथम एक गैरसमज दूर करू. ‘चूल बाहेर आहे, वारा आहे, धुराचे काय?’ असे सर्रास म्हटले जाते. घरातील इतर माणसांपुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु चुलीपुढे वाकून बसणाऱ्या व्यक्तीच्या नाकातोंडाशी धूर पोचावयास हात-दीड हाताचेच अंतर असते. वारा फिरला की तो थेट तिच्या तोंडावर येतो.

घरगुती इंधनाच्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडी या श्वसनविकाराचा आढावा घेतला. लाकूड, शेणी व पिकांचा काडीकचरा यांचा धूर हे जगाच्या दृष्टीने या विकाराचे फार मोठे कारण असल्याचे त्यांनी दाखवून दिले. आयुष्यात कधी विडीला हात न लावलेल्या आपल्या आजीला कायमचा खोकला आणि दम का, याचे उत्तर बहुधा तिच्या तरुणपणीच्या चुलीत असते. जी फुप्फुसे आधीच चाळीस वर्षे धूर सोसून आली आहेत, त्यांना उतारवयात पुन्हा धुरापुढे बसवणे हा हौसेचा प्रश्न उरत नाही.

म्हणून घरात कोणाला दमा, सीओपीडी, हृदयविकार असेल तर रोजचा बाहेरचा स्वयंपाक गॅसवरच व्हावा. चूल सणावारापुरती, आणि ती पेटवणारे हात दुसऱ्याचे असावेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टर परवानगी देईपर्यंत धुराकडे फिरकूच नये. फुंकणी तर सर्वांनीच बाजूला ठेवावी. फुंकण्यासाठी तोंड चुलीशी न्यावे लागते आणि पुढचा श्वास धुराचा घेतला जातो. लाकूड वाळलेले असेल आणि हवा आत शिरावयास वाट असेल, तर फुंकावे लागत नाही.

जळणाविषयीही दोन शब्द. ओले लाकूड आणि शेणी सर्वांत जास्त धुमसतात. पेटवण घालावयाची तर नारळाची शेंडी, वाळलेली चिपाडे, तुराट्या पुरेशा आहेत. दुधाच्या पिशवीचा तुकडा घालून चूल पेटवण्याची जी सवय शहरात रुजली आहे ती तत्काळ सोडावी. रंगवलेले किंवा प्लायवुडचे तुकडेही जाळू नयेत. कोळशाला धूर नसतो म्हणून तो निर्धोक वाटतो, पण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. पाऊस आला म्हणून पेटती शेगडी उचलून दार लावलेल्या खोलीत नेणे जिवावर बेतू शकते.

गुऱ्हाळाने सोडवलेला प्रश्न

बिनधुराच्या चुलीचा विचार आपल्याकडे जुना आहे. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात धुराडे असलेली चूल मांडली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींची देशव्यापी मोहीम काढली. पुण्याच्या आरती या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, ‘लक्ष्मी’सारख्या चुली महाराष्ट्रात पोचवल्या. तरीही त्यांतील कित्येक चुली काही वर्षांत पुन्हा धुमसू लागल्या. कारण साधे होते : धुराडे साफ करण्याचे काम कोणाचे, हे ठरलेले नव्हते.

आपल्या भागातील गुऱ्हाळ आठवून पाहा. कढईशी उभा असलेला गुळव्या आणि चुलवाणात चिपाडाचा जाळ घालणारा माणूस हे दोघे एकमेकांपासून दूर असतात. जाळाचे तोंड एका अंगाला, कढई मध्ये आणि धुराडे पलीकडच्या अंगाला. जो रस आटवतो त्याच्या तोंडावर जाळ येत नाही आणि जो जाळ घालतो त्याला कढईत वाकावे लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी हे कोणी आरोग्याचा विचार करून केले असेल असे नाही, पण मांडणी उत्तम आहे.

घरची चूल याच धर्तीवर बांधून घ्यावी. चुलीचे तोंड स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या समोर न ठेवता उजव्या हाताला, एका बाजूस काढावे. सरपण घालण्याचे काम तेथे उभ्या असलेल्या मुलाचे, सुनेचे किंवा नातवाचे. निखारा बाहेर पडला तर तो त्या बाजूला पडेल, बसणाऱ्याच्या पायांवर किंवा पदरावर नाही. तोंडापाशी वीतभर कट्टी ठेवली की भाकरी चिमट्याने उभी करून जाळाशी शेकता येते. ही सोय नसेल तर जुनी माणसे त्या चुलीला चूल म्हणावयाची नाहीत, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. मुख्य चुलीला लागून वैल असावा. आमटी गरम राहते आणि वाया जाणारी ऊब कामी येते.

धुराडे छपरातून वर, छपराच्या कडेपेक्षा किमान दोन-अडीच फूट उंच न्यावे आणि त्यावर पावसाची टोपी बसवावी. पत्र्याचे धुराडे उघडे असते तेथे हात लागणार नाही असे जाळीचे आवरण द्यावे. महिन्यातून एकदा काजळी काढण्यासाठी खालच्या बाजूला झाकण ठेवावे आणि हे काम घरातील तरुण माणसाच्या नावावर टाकावे. शेजाऱ्याची खिडकी कोणत्या बाजूला आहे हे धुराड्याची जागा ठरवण्यापूर्वीच पाहणे इष्ट. त्या घरातही एखादी दमेकरी आजी असू शकते.

परसात ठेवलेली खुर्ची

आत्यांचे परस दुसऱ्यांदा आखताना गवंड्याने प्रथमच एक शहाणपणाची गोष्ट केली. त्याने रिकाम्या जागेत आत्यांना त्यांच्या रोजच्या खुर्चीवर बसवले आणि टेप त्यांच्या कोपराला लावला. पहिल्या खेपेला ठेकेदाराने ‘सगळीकडे हीच उंची असते’ म्हणून कट्टा बांधला होता. आत्या पाच फुटांच्या आहेत. त्या कट्ट्यावर शेगडी, शेगडीवर मटणाचे पातेले. पातेल्याचा काठ जवळजवळ खांद्याशी. आत काय शिजते आहे हे दिसण्यासाठी त्यांना टाचा उंचवाव्या लागत आणि वाफ तोंडावर येई.

हे सूत्र तुम्हीही वापरू शकता. जे भांडे नेहमी चढते त्याचा काठ कोपराच्या पातळीला किंवा तीन-चार इंच खाली यावा. तेथून उलटे मोजत या : भांड्याची उंची वजा करा, चुलीची किंवा शेगडीची उंची वजा करा, जे उरेल ती खालच्या ओट्याची उंची. उदाहरण घेऊ. सतरा-अठरा इंच उंचीच्या खुर्चीवर बसलेल्या लहान चणीच्या बाईचे कोपर जमिनीपासून साधारण सव्वीस इंचांवर येते. आठ इंचांचे पातेले आणि नऊ-दहा इंचांची चूल धरली, तर चुलीखालचा ओटा जेमतेम आठ-नऊ इंचांचा हवा. त्याच बाई उभ्याने करणार असतील तर ओटा सतरा-अठरा इंचांवर जातो. म्हणजे बसून की उभ्याने, हा पहिला प्रश्न. तो सुटल्याशिवाय एकही वीट रचू नये.

माझे मत विचाराल तर साठीनंतर बसूनच. मात्र जमिनीवर नव्हे. पाटावर बसून चुलीपुढे स्वयंपाक करण्यात एक शोभा आहे हे मान्य, पण झिजलेल्या गुडघ्यांना उकिडवे बसणे सोसत नाही. शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या अनेकांना खालून चटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि अंधारी येण्यास चुलीइतकी वाईट जागा नाही. खुर्ची पाठीची आणि हातांची असावी, चाकांची नसावी, प्लास्टिकची हलकी तर नकोच. उठताना धरण्यासाठी जवळच्या भिंतीत पक्का रोवलेला दांडा असावा.

चिरणे, मळणे, वाटणे यांसाठीचा कट्टा कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली असला म्हणजे खांदे दुखत नाहीत. बसून काम करावयाचे असेल, किंवा घरात चाकांची खुर्ची वापरली जात असेल, तर कट्ट्याखाली गुडघ्यांसाठी सत्तावीस इंच मोकळी जागा सोडून वरचा पृष्ठभाग तीस-एकतीस इंचांवर घ्यावा. येण्याजाण्याची वाट तीन फूट रुंद ठेवावी. मागील दाराशी पायरी असेल तर तिच्या जागी उतार करावा. तो एकास बारा या प्रमाणात, म्हणजे सहा इंचांची उंची उतरावयास सहा फूट लांबी. जागा कमी म्हणून केलेला उभा उतार पायरीपेक्षा घातक ठरतो.

पायाखाली काय असावे

साहित्याच्या दुकानात आपण सर्वांत जास्त वेळ कट्ट्याच्या दगडापुढे घालवतो आणि जमीन ‘मॅचिंग’ म्हणून दोन मिनिटांत ठरवतो. क्रम उलटा हवा. कट्टा चुकला तर डाग पडतो. जमीन चुकली तर हाड मोडते, आणि सत्तरीनंतर मोडलेले खुब्याचे हाड पुष्कळदा माणसाला अंथरुणाला खिळवते.

पॉलिश केलेला ग्रॅनाइट, घोटलेला कोटा, चकचकीत टाइल्स, यांपैकी काहीही बाहेर जमिनीवर नको. ओल्या पायाखाली, त्यात तेलाचे चार थेंब सांडलेले असताना, ते बर्फासारखे होतात. खरबरीत शहाबादी फरशी ही आपली जुनी, स्वस्त आणि अजूनही उत्तम निवड आहे. ग्रॅनाइटच हवा असेल तर फ्लेम फिनिशचा घ्यावा. त्याचा पृष्ठभाग जाळाने तडकवून खरखरीत केलेला असतो. दुकानात नमुन्याच्या तुकड्यावर पाणी ओतून, अनवाणी पायाने घासून पाहण्यास लाजू नये. आत्यांच्या मुलाने दुसऱ्या खेपेला तसे केले. दुकानदार हसला, पण त्याने दुसरा तुकडाही काढून दिला.

मात्र कोणतीही खरबरीत फरशी कोल्हापूरच्या पावसात शेवाळते. जून ते सप्टेंबर आठवड्याला एकदा ब्रश आणि धुण्याच्या सोड्याने ती घासावीच लागते. हे काम ज्येष्ठांनी करू नये. जमिनीला शंभर इंचांमागे एक इंच इतका मंद उतार पुरतो. पाणी निघून जाते आणि चालताना तो पायाला जाणवत नाही. साचलेले पाणी नको याला दुसरे कारण डासांचे.

पादत्राणांविषयी लिहिताना कोल्हापुरात जरा धीर गोळा करावा लागतो. आपली चामडी चप्पल रुबाबदार खरी, पण ओल्या फरशीवर तिचा तळ सरकतो आणि पायाचा वरचा भाग उघडा राहतो. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना पायावर पडलेला निखारा कळतही नाही. कळते ते दुसऱ्या दिवशी जखम पाहून. परसात पुढून बंद, रबरी तळाचे बूट वापरावेत आणि ते दारातच ठेवावेत.

कट्टा, भिंत, छप्पर

कट्ट्यासाठी ग्रॅनाइट योग्य. चिंच, लिंबू, आमसूल यांचा त्यावर परिणाम होत नाही. फक्त लेदर फिनिशचा घेतला तर उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत नाही. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना चकाकणारा काळा दगड आणि उन्हातले स्टील दोन्ही त्रास देतात, आणि काळ्या कट्ट्यावर काळ्या मुठीची सुरी दिसत नाही. फिकट करडा रंग बरा. कट्ट्याच्या कडा गोल करून घ्याव्यात. कडप्पा स्वस्त पडतो, परंतु तो चुनखडीचा दगड आहे. आंबटाने त्यावर पांढरट चट्टे उठतात. तापलेले भांडे थेट ठेवल्यास तो तडकू शकतो. मांडणीच्या फळ्यांसाठी मात्र कडप्प्यासारखे दुसरे काही नाही, कारण त्याला वाळवी लागत नाही.

काळा दगड आपल्या मातीतला. अंबाबाईचे मंदिर त्याचेच. चौथऱ्याला आणि बाहेरच्या भिंतीला तो शोभतो. पण ज्या जागी जाळ लागतो तेथे तो लावू नये, कारण ओल मुरलेला दगड तापला की त्याच्या कपच्या उडतात. जाळाच्या पोटाला भट्टीची वीट आणि वरून मातीचा लेप हेच चांगले. कोकणातून घाट चढून येणारा जांभा बुटक्या भिंतीला देखणा दिसतो; कट्ट्याला नको, कारण त्याच्या भोकांत तेल आणि घाण बसते. लोखंडी कपाटे गंजतात, प्लायवुड फुगते. स्टील घ्यायचे तर ३०४ प्रतीचे आहे याची लेखी खात्री करून घ्यावी. २०२ प्रतीचे दिसावयास तसेच असते आणि दोन पावसाळ्यांत त्यावर गंजाचे ठिपके येतात.

आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते. म्हणून पश्चिम बाजूला भिंत, उघडी बाजू शक्यतो पूर्वेला. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांनी आग्नेय कोपरा जरूर धरावा, पण आधी एखाद्या पावसाळी दुपारी तेथे उभे राहून झड कोठून येते ते पाहावे. छप्पर मंगळुरी कौलांचे असेल तर उन्हाळ्यात फार तापत नाही. पत्रा एप्रिलमध्ये भाजतो आणि पावसात एवढा वाजतो की कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हाक ऐकू जात नाही. पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असण्याची दाट शक्यता आहे. त्यांना भोके पाडणे, कापणे, फोडणे टाळावे. त्यांचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेल्यास कर्करोगाचा धोका असतो. चुलीजवळ प्लास्टिकचे पत्रे, ताडपत्री, हिरवी जाळी लावू नये. आणि शहरात सामासिक अंतरात पक्के छप्पर घालण्यापूर्वी महापालिकेची परवानगी लागते का, हे विचारून घ्यावे. म्हातारपणी नोटिशीचा ताप नको.

सिलिंडर, वीज, आग

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर न जाता खाली साचतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात, तळघरात किंवा बंद कपाटात ठेवू नये. सपाट जमिनीवर, उभा, सावलीत आणि चुलीपासून दूर ठेवावा. कपाट केलेच तर त्याला तळाशी जाळी हवी. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी. वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस चालू राहतो, हा बाहेरच्या स्वयंपाकघराचा खास धोका आहे. वास न येणे हे वार्धक्यात सामान्य, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवता येत नाही. ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी शेगडी घ्यावी आणि तिन्ही बाजूंना वाराआड बसवावा. आयएसआय खुणेची नळी पाच वर्षांनी बदलावी. गळतीसाठी १९०६ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. विस्मरणाचा आजार असलेली व्यक्ती घरात असेल तर काम संपताच रेग्युलेटर बंद करून तो भाग कुलपात ठेवण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्यावी.

विजेच्या जोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी हवाच. मिक्सर ओल्या हातांनी लावला जाणार, हे गृहीत धरावे. दिवा डोक्यामागे नको, कट्ट्याच्या समोर हवा. नाहीतर आपलीच सावली पातेल्यात पडते. पंचगंगेच्या काठच्या वस्तीत राहत असाल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराची खूण आठवून बोर्ड तिच्या वर घ्यावा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचले की सिलिंडर बंद करून घरात उंचावर न्यावा. पाण्यात तो तरंगतो आणि आदळतो.

नायलॉनची साडी नेसून चुलीपुढे बसू नये. सुती नेसावी, पदर खोचावा, वरून जाड सुती एप्रन बांधावा. कपड्याने पेट घेतलाच तर पळू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे, दुसऱ्याने जाड सुती चादर टाकावी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, तूप, बर्फ काही लावू नये. त्यासाठी चुलीपासून चार पावलांवर नळ हवा, आणि तो फिरवायचा नव्हे तर दांडीचा. सांधे आखडलेल्या बोटांना तोच उघडतो.

सरपण भिंतीला टेकवून रचू नये. जमिनीपासून फूटभर उंच घडवंचीवर, भिंतीपासून सुटे ठेवावे. नाहीतर पावसाळ्यात त्यात विंचू आणि साप घर करतात. संध्याकाळी सरपणात हात घालण्यापूर्वी बॅटरी मारावी. सर्पदंश झालाच तर मंत्रतंत्रात वेळ न घालवता थेट दवाखान्यात न्यावे.

बांधकाम दिवाळीनंतर काढावे. त्या काळात गवंडी मिळतात, सिमेंटला पाणी मारून ते मुरू देता येते आणि वळवाच्या आधी छप्पर पुरे होते. पुरे झाल्यावर पहिले पंधरा दिवस ज्येष्ठांनी तेथे नुसता चहा करावा. उठबस, वाट, उजेड, नळ यांतील चुका त्या चहातच कळतात आणि तेव्हा त्या दुरुस्त करणे सोपे असते. आत्यांच्या चहात असे कळले की भिंतीचा दांडा डाव्या हाताला बसवला आहे, आणि मोडून सांधलेल्या उजव्या मनगटावर भार देता येत नसल्याने त्या नेमक्या डाव्या हातानेच उठतात. म्हणजे एवढे तरी आपोआप बरोबर झाले होते. नळ मात्र हलवावा लागला.

आता त्या चूल स्वतः पेटवत नाहीत. खुर्चीत बसून मसाला किती, मीठ किती, पांढऱ्या रश्श्याला नारळाचे दूध केव्हा, हे सांगतात आणि भाकऱ्या तेवढ्या स्वतः थापतात. जाळ घालणे मुलाकडे आहे आणि शेवाळ घासणे नातवाकडे. जुलैतल्या एका रविवारी नातू घासावयास विसरला. आत्यांनी दारातूनच फरशीकडे पाहिले, बूट तसेच ठेवले आणि त्या रविवारी मटण घरातल्या गॅसवर शिजले.